थंडीत घडणारे रबर

पेडणे किंवा डिचोलीची सीमा ओलांडून दोडामार्गाच्या बाजूस गेले, की काजू-सुपारीच्या शेजारी रबराच्या बागाही दृष्टीस पडतात. झाडाच्या सालीला तिरपी चीर दिली की पांढरा चीक पाझरतो. तो वाटीत धरतात, त्यात थोडे आम्ल घालतात, मग तो दह्यासारखा गोठतो. त्याचे पत्रे लाटून वाळविले की रबर तयार. हे झाले निसर्गाचे रबर. परंतु मोटारीच्या टायरांत व चपलांच्या तळांत कितीतरी रबर असे असते की ते कोणत्याही झाडाने दिलेले नाही. ते कारखान्यात घडते, आणि नवलाची गोष्ट ही की त्याला थंडी लागते.

१९४२ च्या प्रारंभी जपानने मलाया व सिंगापूर जिंकले आणि अमेरिकेला मिळणाऱ्या रबरापैकी सुमारे ९० टक्के रबराची वाट बंद झाली. ब्युटाडाइन व स्टायरीन या दोन द्रव्यांपासून रबर करण्याची युक्ती जर्मन शास्त्रज्ञांना त्यापूर्वीच साधली होती. तीच वाट अमेरिकेने मोठ्या प्रमाणावर चोखाळली.

ही दोन्ही द्रव्ये पाण्यात मिसळत नाहीत. मग त्यांना पाण्यात घालावयाचे कशाला? आपल्या घरी सोलकढीसाठी नारळाचा रस काढतात, तो डोळ्यांपुढे आणावा. त्यात तेल असूनही ते वर तरंगत नाही; अतिसूक्ष्म थेंबांच्या रूपाने ते पाण्यात पसरलेले असते. अशा मिश्रणास पायस म्हणतात. कारखान्यात हे काम साबण करतो. साबणाच्या रेणूंचे बारीक पुंजके बनतात, त्यांत ही द्रव्ये शिरतात आणि तेथे रेणूस रेणू जोडला जाऊन हजारो दुव्यांची साखळी वाढू लागते. ही जोडणी होताना उष्णता निघते. भोवतीचे पाणी ती शोषून घेते. शेवटी हाती येतो तो झाडाच्या चिकासारखाच पांढरा चीक!

युद्धकाळातील कृतीत वजनाने तीन भाग ब्युटाडाइन व एक भाग स्टायरीन घेऊन मिश्रण ५० अंश सेल्सिअसवर सुमारे अर्धा दिवस ठेवीत. रबर मिळे, पण त्यात उणीव राही. उष्णतेत साखळ्यांना फाटे फुटत, काही साखळ्या एकमेकींत गुंतत. कमी तापमानात साखळ्या अधिक सरळ वाढतात, हे शास्त्रज्ञांच्या ध्यानी आले. मग थंडी का वापरू नये? अडचण अशी, की साखळीची सुरुवात करणारे द्रव्य उष्णतेनेच फुटत असे. थंडीत ते स्वस्थ पडून राही आणि साखळी सुरूच होत नसे.

येथे मदतीस आले लोखंड. डिचोलीच्या मुलांना लोहखनिज नवे नाही. तेथील मातीचा तांबडा रंग ऑक्सिजनने पूर्णपणे वेढलेल्या लोहाचा, म्हणजे फेरिक अवस्थेतील लोहाचा. लोहाची दुसरी अवस्था फेरस. फेरस लोह हायड्रोपेरॉक्साइड नावाच्या द्रव्यास भेटले, की त्यास एक इलेक्ट्रॉन देऊन थंडीतही फोडते. त्या तुकड्यापासून साखळी सुरू होते. लोह मात्र देऊन रिते, फेरिक होते. म्हणून मिश्रणात तिसरे एक द्रव्य घालतात; ते लोहास इलेक्ट्रॉन परत देऊन पुन्हा फेरस करते. देणे-घेणे असे अखंड चालू राहिल्याने लोह चिमूटभर असले तरी पुरते. आम्ही भाषा शिकविणारे, परंतु रसायनशास्त्रातील ही उसनवारी आम्हांस मोठी मनोरम वाटते.

१९४८ पासून अमेरिकेत हे ‘थंड रबर’ मोठ्या प्रमाणावर निघू लागले. तापमान अवघे ५ अंश! सर्व द्रव्याचे रबर होईपर्यंतही थांबत नाहीत. सुमारे ६० टक्के झाले, की क्रिया थांबविणारे द्रव्य घालून उरलेले ब्युटाडाइन व स्टायरीन परत काढून घेतात. अधिक लोभ धरला तर साखळ्या पुन्हा गुंतू लागतात. नंतर मीठ व आम्ल घालून चीक गोठवितात, बागेत करतात तसाच. या रबराचे टायर जुन्या कृत्रिम रबरापेक्षा पुष्कळ कमी झिजू लागले.

भारतात १९६३ मध्ये उत्तर प्रदेशातील बरेलीजवळ कृत्रिम रबराचा कारखाना सुरू झाला. तेथे उसाच्या मळीपासून मिळणाऱ्या अल्कोहोलाचे ब्युटाडाइन करीत. तो कारखाना आता चालत नाही. पुढे २०१३ मध्ये पानिपतला पायस पद्धतीच्या रबराचा मोठा कारखाना उभा राहिला.

मग दोडामार्गाच्या बागायतदाराने झाडे तोडावीत काय? मुळीच नाही. झाडाच्या रबराच्या साखळ्या इतक्या नियमित असतात की ताण पडताच त्या ओळीने लागतात व रबर फाटण्यास विरोध करते. शिवाय ते चालताना कमी तापते. थंड रबराच्या साखळीत दोन द्रव्यांचे दुवे मागेपुढे पडतात, त्यामुळे त्यास हे साधत नाही. लहान मोटारीच्या टायरची रस्त्यास टेकणारी बाजू थंड रबराची असली, तरी चोर्ल्याचा घाट ओझ्यासह चढणाऱ्या ट्रकच्या टायरात व विमानाच्या टायरात मुख्य भरणा अजून झाडाच्या चिकाचाच असतो.