लंडनचं वार्तापत्र : आधी कागद, मग पाना

हाऊन्सलो, लंडन



‘तिकडे प्लंबर डॉक्टरएवढं कमावतात म्हणे,’ असं वरळी कोळीवाड्यातून फोनवर कोणी ना कोणी विचारतंच. कमावतात, चांगलं कमावतात. पण काम करणं आणि त्याचे पैसे हातात पडणं यांच्या मधे गिऱ्हाईक उभं असतं, आणि ते वरळीत जितकं चिवट तितकंच इथेही. त्याच्याशी निभावून नेण्याची रीत मात्र या देशाने वेगळी बसवली आहे. या वेळचं वार्तापत्र त्या रीतीवर.

माझा नवरा इथे स्वतंत्र प्लंबर आहे. व्हॅन त्याची, हत्यारं त्याची, फोन माझ्याकडे. पाना तो फिरवतो; भाव मी सांगते, बिल मी पाठवते आणि बिल थकलं की पाठपुरावाही मीच करते. आधी तो एका मोठ्या कंपनीसाठी काम करायचा. तेव्हा गिऱ्हाइकांची भांडणं कंपनीचं ऑफिस झेलायचं आणि त्याबद्दल कमाईतला मोठा वाटा ठेवून घ्यायचं. स्वतःचं सुरू केल्यावर तो वाटा आमच्याकडे आला आणि भांडणंही आली.

माझे सासरे कोळीवाड्यात नळाचंच काम करायचे. जीआय पाइपला डाय लावून आटे पाडायचे, सांध्याला ताग आणि सफेदा भरायचा, आणि हे सगळं पाणी येण्याच्या वेळेआधी उरकायचं. गोल्फादेवीच्या देवळापासून किल्ल्यापर्यंत बहुतेक घरं ओळखीची. त्यामुळे भाव आधी कधी ठरायचाच नाही. ‘घरचंच काम आहे, बघू की,’ असं म्हणायचं आणि कामाला लागायचं. जूनमध्ये मासेमारी बंद झाली की दोन महिने घरात पैसा नसायचा. तेव्हा उत्तर ठरलेलं : ‘नारळी पुनव झाली का देतो.’ बरेच जण देतही. काही जण दोन पुनवा उलटल्या तरी देत नसत. सासरे मागायला जात नसत, कारण दार एकतर नात्यातल्याचं असायचं, नाहीतर जमातीतल्याचं. सासूबाई मात्र कोणाकडे किती राहिलेत हे कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवायच्या. आमच्या घरातली ती पहिली हिशेबवही.

इथलं गिऱ्हाईक आवाज चढवत नाही. दार उघडून हसतं, चहा विचारतं, कामाचं कौतुक करतं आणि रात्री दोन पानांचा तक्रारीचा मेल पाठवतं. इथे पाणी चोवीस तास असतं, म्हणून मुख्य कॉक घरात कुठे आहे हे अनेकांना ठाऊकच नसतं. बहुधा तो स्वयंपाकघरातल्या सिंकखाली डब्याडुब्यांच्या मागे गंजलेला असतो. छतातून पाणी गळतंय म्हणून घाबरलेला माणूस फोनवर ‘काहीही घ्या, पण लगेच या’ म्हणतो. गळती थांबली आणि फरशी पुसून झाली की तोच विचारतो, ‘वीस मिनिटांच्या कामाचे इतके?’ काही जण इंटरनेटवरून स्वस्तातला नळ आणून ठेवतात आणि तो गळला की दोष बसवणाऱ्याला देतात. ‘आलाच आहात तर तेवढा फ्लशही बघा’ म्हणणारे तर रोजचेच. भाड्याच्या घरात आणखी एक गाठ असते. पाण्याच्या, गॅसच्या आणि घर गरम ठेवण्याच्या यंत्रणेची दुरुस्ती 1985 च्या कायद्याने घरमालकाकडे दिली आहे. फोन करणार भाडेकरू, पैसे देणार मालक आणि मधे एजंट. म्हणजे बिल तीन हातांतून फिरणार.

यावर इथला उपाय म्हणजे कागद, आणि तोही पाना उचलण्याच्या आधी.

इथे एस्टिमेट आणि कोटेशन यांत लोक काटेकोर फरक करतात. एस्टिमेट हा अंदाज, कोटेशन म्हणजे शब्द. कोटेशनला गिऱ्हाइकाने होकार दिला की तो भाव दोघांनाही बांधतो. काम अवघड निघालं म्हणून प्लंबरला वाढवता येत नाही आणि लवकर झालं म्हणून गिऱ्हाइकाला कापता येत नाही. म्हणून काय काय करणार हे जसं त्यात लिहितात, तसं काय करणार नाही हेही लिहितात : टाइल्स बसवणं यात नाही, भिंतीचा रंग यात नाही, तुम्ही आणलेल्या सामानाची हमी आमच्याकडे नाही. फ्लश बघायचा तर त्याची वेगळी ओळ आणि वेगळी रक्कम. ही ओळ सांगताना सुरुवातीला माझी जीभ अडायची. कोळीवाड्यात वाढलेल्या मुलीला दारात उभ्या माणसाकडे आधी पैशाची भाषा करणं जड जातं. आता मला ती सर्वांत सभ्य भाषा वाटते. गिऱ्हाइकालाही ती आवडते, कारण इथे फसवणारे प्लंबर पुष्कळ आहेत आणि पहिल्या फोनला त्याच्या आवाजात तीच भीती असते. या देशात गॅसच्या कामाला नोंदणी सक्तीची आहे, पण नुसतं ‘प्लंबर’ म्हणवून घ्यायला कोणताही परवाना लागत नाही. लंडनच्या प्लंबरांच्या संघाला 1611 साली राजाची सनद मिळालेली, आणि तरीही आज कोणीही व्हॅनवर नाव रंगवून धंदा सुरू करू शकतो! संशयी गिऱ्हाईक त्यातूनच तयार होतं, म्हणून त्याच्या संशयाचा मी राग धरत नाही.

कायदा दोघांकडेही बघतो. 2015 च्या ग्राहक हक्क कायद्याप्रमाणे काम वाजवी काळजीने आणि कौशल्याने व्हायलाच हवं. झालं नसेल तर ते फुकट पुन्हा करून मागण्याचा हक्क गिऱ्हाइकाला आहे. ते शक्य नसेल किंवा प्लंबर वेळेत करत नसेल, तर पैसे कमी करून घेता येतात. म्हणून तक्रार आली की आम्ही आधी जाऊन बघतो. लंडनचं पाणी क्षारांचं, किटलीत पाहता पाहता पांढरा थर धरतो. सहा महिन्यांनी शॉवरची धार बारीक झाली की काम कच्चं होतं असं वाटणं साहजिक आहे. नवरा शॉवरची जाळी काढून साचलेला क्षार त्यांच्या तळहातावर ठेवतो. त्यानंतर फारसं बोलावं लागत नाही. कामाला हात लावण्याआधी तो फोटोही काढतो : छतावरचा जुना डाग, फरशीचा तडा, सिंकखालची कुजलेली फळी. ‘हा तडा तुमच्यामुळे गेला’ या वाक्याला त्या फोटोइतकं चांगलं उत्तर दुसरं नाही.

एका बाईंनी न्हाणीघरातला शॉवर बदलून घेतला. सोमवारी त्यांच्या घरी बसून काम ठरलं, गुरुवारी पूर्ण झालं. पुढच्या आठवड्यात मेल आला : चौदा दिवसांच्या आत मी करार रद्द करत आहे, सबब पैसे देणार नाही. मेलमध्ये नियमही नमूद केला होता आणि तो खरा आहे. 2013 च्या नियमांनुसार गिऱ्हाइकाच्या घरी ठरलेला, 42 पौंडांवरचा करार चौदा दिवसांत कारण न देता मोडता येतो. दारावर येऊन गळ्यात माल मारणाऱ्यांपासून लोकांना वाचवायला हा नियम आला, पण तो प्लंबरलाही लागतो. पाइप फुटला म्हणून तातडीने बोलावलं तर त्यातून सूट आहे; शॉवर बदलणं त्या तातडीत बसत नाही. गिऱ्हाइकाने स्वतः सांगितल्याची नोंद नसताना त्या चौदा दिवसांत काम केलं आणि त्याने करार मोडला, तर एक पेनीही मागता येत नाही. रद्द करण्याच्या हक्काची लेखी माहिती न देणं हा तर गुन्हाच आहे.

आमच्या कोटेशनच्या तळाशी ही माहिती असते आणि त्याखाली एक वाक्य : चौदा दिवस न थांबता काम सुरू करावं असं मी सांगत आहे, आणि काम पूर्ण झाल्यावर रद्द करण्याचा हक्क उरत नाही हे मला माहीत आहे. त्याखाली बाईंची सही आणि तारीख होती. मी त्या कागदाचा फोटो पाठवला, सोबत दोन ओळी. रागाचा एकही शब्द लिहिला नाही. दोन दिवसांत पैसे खात्यात आले. काही महिन्यांनी त्याच बाईंनी स्वयंपाकघरातला नळ बदलायला बोलावलं आणि आम्ही गेलो.

गॅसचं काम आलं की मात्र नवरा बदलतो. बॉयलर, गॅसची शेगडी, त्यांचे पाइप यांना हात लावायचा तर गॅस सेफ रजिस्टरमध्ये नाव हवं. 2009 पासून ब्रिटनमध्ये हीच नोंदवही आहे. ओळखपत्रावर फोटो असतो आणि मागच्या बाजूला कोणतं काम करायची परवानगी आहे ते लिहिलेलं असतं. एका भाड्याच्या घरात बॉयलरचा धूर बाहेर नेणारी नळी सांध्यातून सुटलेली निघाली. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. झोपलेलं माणूस झोपेतच जातं. घरमालक म्हणाला, थंडीचे दिवस आहेत, शनिवार-रविवार चालू राहू दे, सोमवारी बघतो. नवऱ्याने बॉयलरचा गॅस तोडला, त्यावर धोक्याची चिठ्ठी लावली आणि मालकाची सही घेतली. मालकाने नकार दिला असता तर गॅसच्या आपत्कालीन सेवेला कळवणं त्याचं कर्तव्य होतं, आणि त्या सेवेला पुरवठा तोडण्याचा अधिकार आहे. तो मालक गिऱ्हाईक म्हणून कायमचा गेला. जाऊ दे. कारागिराच्या ‘नाही’मागे देश उभा असतो तेव्हा ते म्हणता येतं.

हे लिहिताना मला आपल्याकडची मोटर आठवते. पालिकेच्या जलवाहिनीवर थेट मोटर लावून पाणी खेचणं मुंबईत बेकायदा आहे आणि त्याने शेजारच्या घरातलं पाणी कमी होतं, हे गल्लीत सर्वांना ठाऊक असतं. तरी ‘लावून दे रे, कोण बघतंय’ म्हणणारं गिऱ्हाईक असतंच. नाही म्हणणाऱ्या पोराचं काम जातं आणि दुसरा पोरगा येऊन मोटर लावून जातो. पालिकेचा परवाना ज्याच्या नावावर आहे तो प्लंबर बऱ्याचदा कागदावर असतो; पाना ज्याच्या हातात आहे त्याच्याकडे दाखवायला कार्ड नसतं. कार्ड नसलेल्या माणसाच्या ‘नाही’ला वजन येत नाही.

आता थकलेल्या पैशांचं. इथे दहा हजार पौंडांपर्यंतचा दावा इंग्लंड आणि वेल्समध्ये छोट्या दाव्यांच्या रीतीने चालतो आणि त्याला वकील लागत नाही. आधी शेवटचं पत्र पाठवायचं : इतकी रक्कम, या कामाची, चौदा दिवसांत द्या. मग घरबसल्या ऑनलाइन दावा. पाचशे ते हजार पौंडांच्या दाव्याला फी सत्तर पौंड. जिंकलात तर तीही समोरच्याकडून मिळते. मे 2024 पासून अशा पैशांच्या दाव्यांत फोनवर तासाभराची मध्यस्थी सक्तीची आणि मोफत झाली आहे. निकाल विरुद्ध गेला आणि महिन्याभरात पैसे भरले नाहीत, तर त्याची नोंद सहा वर्षं राहते आणि घरासाठी कर्ज मागायला गेलं की बँकेला ती दिसते. गिऱ्हाइकाला खरी भीती असते ती या नोंदीची. माझ्या अनुभवात शेवटच्या पत्रातच बहुतेकांचे पैसे निघतात. त्या पत्रात दम दिलेला नसतो, पुढची पायरी फक्त लिहिलेली असते.

हे चित्र सगळंच गुळगुळीत नाही. निकाल मिळाला तरी वसुलीला पुन्हा फी आणि पुन्हा वाट. रिव्ह्यूची भीती तर रोजची : ‘पन्नास पौंड कमी करा, नाहीतर एक तारा देईन,’ असं सांगणारेही भेटतात. खोट्या रिव्ह्यूंवर एप्रिल 2025 पासून बंदी आली आहे, पण नाराज माणसाने रागात लिहिलेला खरा रिव्ह्यू राहतोच. त्याच्याखाली शांतपणे तारीख आणि काम लिहून उत्तर द्यायचं, भाव कमी करायचा नाही. एकदा कमी केला की ती बातमी पसरते.

मुंबईत गिऱ्हाइकाला 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, आयोग आहेत. वाईट काम करणाऱ्या प्लंबरविरुद्ध ते तिथे जाऊ शकतं आणि जायलाही हवं. पण ज्याचे पैसे बुडाले त्या प्लंबरला त्या आयोगाचं दार बंद, कारण तो ग्राहक नव्हे. धोबीतलावचं लघुवाद न्यायालय अशाच छोट्या रकमांसाठी 1882 च्या कायद्याने चालत आलं, पण पैशांच्या दाव्याची त्याची मर्यादा वर्षानुवर्षं दहा हजार रुपयांवरच राहिली. इथे दहा हजार पौंड, तिथे दहा हजार रुपये! आज एका न्हाणीघराचं काम तेवढ्यात होत नाही. ही मर्यादा वाढवा आणि अर्ज साधा करा, ही मागणी कोळीवाड्याच्या आमदारांकडे, नगरसेवकांकडे जायला हवी. सही कोणाची हवी असेल तर पहिली माझी घ्या.

तोवर वाट बघायची गरज नाही. कोळीवाड्यात नळाचं काम करणाऱ्या पोरांनो, कार्बन कॉपीचं एक बिलबुक घ्या. काय काम, किती रुपये, सामान कोणी आणायचं, पैसे कधी, एवढ्या चार ओळी काम सुरू करण्याआधी लिहा आणि खाली सही घ्या. नात्यातल्याची तर आधी घ्या. सुरुवातीला लोक हसतील, ‘मोठा साहेब झाला’ म्हणतील. आणि ज्यांच्या घरी हा पोरगा येणार आहे त्या काका-मामांना, मावश्यांना माझी विनंती आहे : त्याने कागद पुढे केला तर राग मानू नका. सही करा, आणि काम झालं की पुनवेची वाट न बघता त्याच दिवशी पैसे द्या.