एकच यंत्र, दोन ऋतु

नागपुरांत हयात घालविलेल्या मनुष्यास उन्हाळ्याविषयीं नव्यानें कांहीं सांगावें लागत नाहीं. २३ मे २०१३ रोजीं येथील पारा ४७.९ अंशांवर चढला होता. मात्र त्याच नागपुरांत २९ डिसेंबर २०१८ रोजीं तो ३.५ अंशांपर्यंत उतरला. सहा वर्षांच्या आंत एकाच गांवानें चव्वेचाळीस अंशांचें अंतर दाखविलें! अशा ठिकाणीं ज्याच्या घरांत लहान मुलें व वृद्ध माणसें आहेत, त्या गृहस्थाला केवळ वैशाखाची तरतूद करून भागत नाहीं. पौषांतल्या रात्रींचाहि विचार त्याला करावा लागतो.

आमच्या बाळपणीं दारांना वाळ्याचे पडदे बांधीत व आम्हां मुलांकडे त्यांवर पाणी शिंपडण्याचें काम असे. पुढें लोखंडी पेटीचे कूलर आले. आतां वातानुकूलन यंत्र घ्यावें कीं न घ्यावें हा वाद मध्यमवर्गीय घरांत बहुधा संपला आहे. कोणतें घ्यावें, हा प्रश्न मात्र राहिला आहे. त्यांतहि जें यंत्र उन्हाळ्यांत थंडावा व हिंवाळ्यांत ऊब देतें, तें बेताच्या पैशांत कसें निवडावें, याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. हा अधिकार आम्हांस विद्वत्तेनें प्राप्त झालेला नसून एकदां चांगलेंच फसल्यानें प्राप्त झाला आहे, हें आरंभींच कबूल केलेलें बरें.

तीन वर्षांपूर्वीं मे महिन्यांत आमच्या वडील वहिनींना भर दुपारीं घेरी आली. त्यांचें वय तेव्हां शहात्तर होतें. डॉक्टर म्हणाले, वृद्धांना घाम कमी येतो, तहान लागल्याचेंहि लवकर कळत नाहीं. तेव्हां यांची खोली थंड ठेवा. आम्ही त्याच सायंकाळीं घाईघाईनें दुकानीं गेलों. दुकानदार म्हणाला, "गुरुजी, मोठेंच घ्या, खोली चटकन् थंड होईल, शिवाय हें हिंवाळ्यांत गरमहि करतें." किंमत इतरांहून कमी होती. आयुष्यभर मुलांना 'आधीं प्रश्न नीट वाचा' असें बजावीत आलेल्या आम्हीं त्या यंत्रावरची पट्टी न वाचतांच पैसे मोजले.

एकशेंवीस चौरस फुटांच्या खोलींत दोन टनांचें यंत्र बसलें. तें पांच मिनिटांत खोली गार करी व बंद पडे. पुन्हां सुरू होई, पुन्हां बंद पडे. आषाढांत तर खोली गार असूनहि दमट राही आणि अंथरूण ओलसर लागे. हिंवाळ्यांत वहिनींचे गुडघे दुखूं लागले, म्हणून रात्रीं ऊब चालू केली. आणि महिनाअखेर वीजबिल पाहून सूनबाईंनीं तें मुकाट्यानें आमच्या हातीं दिलें. पुढें चैत्रांत जुन्या तारेचा ताण न सोसून भिंतींतील खटका वितळला. पण ज्या गोष्टीनें आमच्या मनाला चटका बसला, ती याहून निराळी आहे व ती शेवटीं सांगूं.

प्रथम यंत्र करतें काय तें समजून घ्यावें. वातानुकूलन यंत्र थंडी 'निर्माण' करीत नाहीं. तें खोलींतील उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतें. विहिरींतील पाणी रहाटानें वर काढावें, तसाच हा व्यवहार. आंतील वेटोळ्यांत विशिष्ट द्रव वायुरूप होतो व होतांना खोलींतील उष्णता शोषून घेतो. कंप्रेसर त्या वायूला दाबतो. बाहेरच्या वेटोळ्यांत तो पुन्हां द्रवरूप होऊन घेतलेली उष्णता सोडून देतो. हीच क्रिया उलट फिरविली तर बाहेरच्या हवेंतील उष्णता उचलून खोलींत आणतां येते. ही कल्पना विल्यम थॉमसन, म्हणजेच पुढें लॉर्ड केल्विन म्हणून प्रसिद्ध झालेले शास्त्रज्ञ, यांनीं १८५२ सालींच मांडली होती. हवेची आर्द्रता व उष्णता आटोक्यांत ठेवणारें आधुनिक यंत्र मात्र विलिस कॅरियर यांनीं १९०२ मध्यें न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांतील एका छापखान्यासाठीं योजिलें. दमट हवेनें कागद फुगे व रंगीत छपाईंतील रंग एकमेकांवर नीट बसत नसत, ही तेथली अडचण होती. माणसाच्या सुखाचा विचार मागाहून झाला!

आमचा एक भाचा अमेरिकेंत अॅरिझोना राज्यांतील फीनिक्स शहरीं असतो. तेथें पुष्कळ घरांच्या छपरावर एकच मोठी पेटी बसविलेली असते. कंप्रेसर, पंखा, दोन्ही वेटोळीं असा सर्व संसार त्या एका पेटींत, आणि तेथून पत्र्याच्या नळांतून हवा साऱ्या घरांत जाते. आपल्याकडील घरांत असे नळ नसतात, म्हणून आपण खोलीपुरतें यंत्र घेतों. खिडकींत बसणारी पेटी ही त्या अमेरिकन पेटीचीच धाकटी बहीण होय. किंमत कमी, बसविणें सोपें, पण आवाज अधिक. दोन भागांचें यंत्र शांत असतें, पण त्यांतील नळी जोडणारा कारागीर जाणता हवा. खिडकी योग्य जागीं असेल व आवाज चालत असेल, तर खिडकीच्या पेटीला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं.

आतां 'टन' या शब्दाविषयीं. हें यंत्राचें वजन नव्हे. दोन हजार पौंड बर्फ चोवीस तासांत वितळण्यास जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता ओढण्याची शक्ति म्हणजे एक टन. विजेच्या परिभाषेंत सुमारें साडेतीन किलोवॅट. सावलींतल्या शंभर-सव्वाशें चौरस फुटांच्या खोलीस एक टन, दीडशें ते पावणेदोनशेंपर्यंत दीड टन, हा ढोबळ मेळ. परंतु खोलीवर उघडी गच्ची असेल, भिंत पश्चिमेची असेल, तर एक पायरी वर जावें लागतें. शिवाय पट्टीवरची शक्ति बाहेर ३५ अंश असतांनाची मोजलेली असते. आमच्याकडील पंचेचाळीस अंशांत तेंच यंत्र कमी काम देतें. म्हणून 'जितकें मोठें तितकें बरें' हेंहि चूक आणि दुकानांतील कोष्टक डोळे मिटून मानणें हेंहि चूक. ज्यांचा वेग गरजेप्रमाणें कमीजास्त होतो, तीं इन्व्हर्टर जातीचीं यंत्रें या बाबतींत अधिक सोयीचीं. तीं वारंवार बंद न पडतां संथपणें चालत राहतात व हवेंतील ओलावाहि त्यामुळें बरा निघतो.

तिसरी गोष्ट ताऱ्यांच्या पट्टीची. भारत सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची ही पट्टी २००६ पासून सुरू झाली व २०१० पासून अशा यंत्रांना ती सक्तीची झाली. गृहस्थाचा नियम असा असावा: तारे मोजूं नयेत, आंकडे वाचावे. कारण ताऱ्यांची कसोटी वेळोवेळीं कडक होत असते. जुलै २०२२ मध्यें ती कडक झाली तेव्हां कालचें पंचतारांकित यंत्र एका दिवसांत चार ताऱ्यांचें झालें. यंत्र मात्र तेंच होतें! दुकानांत जुना माल पडून असतो, म्हणून पट्टीवरील सालहि पाहावें. त्याच पट्टीवर वर्षाला किती युनिट वीज लागेल तें छापलेलें असतें. तो आंकडा १६०० तास वापर धरून काढलेला असतो.

त्यावरून त्रैराशिक मांडणें कोणाहि गृहिणीला अवघड नाहीं. समजा, एका यंत्राच्या पट्टीवर १००० युनिट आहेत व दुसऱ्याच्या ८००; दुसरें आठ हजार रुपयांनीं महाग आहे; आणि युनिटला दहा रुपये पडतात. मग वर्षाला दोन हजार रुपये वांचतील व चार वर्षांत जादा किंमत भरून निघेल. पण तुमचें यंत्र वर्षांत ८०० तासच चालणार असेल, तर तीच भरपाई आठ वर्षांनीं होईल; अशा घरीं मध्यम ताऱ्यांचें यंत्रच शहाणपणाचें. येथें एक मेख आहे. महाराष्ट्रांत घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्यानें चढतो, १०० युनिटांपुढें निराळा, ३०० पुढें त्याहून निराळा. यंत्राची वीज ही बिलांतील वरच्या टप्प्यांत पडते. म्हणून हिशेब सरासरी दरानें न करतां वरच्या दरानें करावा.

चौथी गोष्ट उबेची, आणि आम्ही फसलों तें नेमकें येथें. 'गरम-थंड' असें लिहिलेलीं यंत्रें दोन प्रकारचीं असतात. एकांत वर सांगितल्याप्रमाणें चक्र उलटें फिरतें. तेथें एक युनिट विजेंत सौम्य थंडीच्या दिवशीं सुमारें तीन युनिटांइतकी ऊब मिळते, कारण बाकीची उष्णता बाहेरच्या हवेंतून येते. दुसऱ्यांत नुसती तापणारी तार बसविलेली असते. तेथें एका युनिटाला एकाच युनिटाची ऊब. आमच्या यंत्रांत तारच होती. दोन किलोवॅटची तार रोज पांच तास म्हणजे दहा युनिट, महिन्याला तीनशें! पहिल्या प्रकारांत तेवढ्याच उबेसाठीं शंभराच्या आसपास पुरतीं. म्हणून दुकानदाराला स्पष्ट विचारावें, "यांत चक्र उलटें फिरविणारी झडप आहे, कीं तार आहे?" आणि उत्तर माहितीपत्रकांत छापलेलें दाखवावयास सांगावें. मात्र ज्या घरीं वर्षांतून पंधराच रात्रीं ऊब लागते, त्यांनीं या सोयीसाठीं जादा पैसे न देतां एक साधा हीटर व दोन जाड रजया घ्याव्या. मुंबई-कोंकणांतील वाचकांस तर या प्रकरणाचें प्रयोजनच नाहीं.

विजेच्या तारांविषयीं आळस करूं नये. दीड टनाच्या यंत्रास फलकापासून स्वतंत्र जोडणी, चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, सोळा अँपिअरचा खटका व खरोखरीची भू-जोडणी हवी. जुन्या वाड्यांत ही शेवटची गोष्ट पुष्कळदां नांवालाच असते. वेटोळीं तांब्याचीं असावीं. गळती लागल्यास तीं दुरुस्त होतात. हल्लींच्या यंत्रांत बहुधा आर-३२ नांवाचा वायु असतो. तो जुन्या आर-४१० ए पेक्षां पृथ्वीच्या तापमानवाढीस पुष्कळ कमी हातभार लावतो, पण किंचित् ज्वालाग्राही आहे. म्हणून भरणारा माणूस शिकलेला असावा. आणि ज्या कंपनीचा कारागीर आपल्या गांवांत दोन दिवसांत येत नाहीं, तिचें यंत्र फुकट मिळालें तरी महागच पडतें.

या सर्वांच्या आधीं करावयाच्या गोष्टी मात्र अगदीं स्वस्त आहेत. गच्चीला पांढरा रंग द्यावा, पश्चिमेच्या खिडकीस बाहेरून पडदा असावा, दारांच्या फटी बुजवाव्या. चैत्र-वैशाखांत आमच्याकडील कोरड्या हवेंत कूलर उत्तम काम देतो व दोनशें वॅटच्या आसपास वीज खातो. मृगाचा पाऊस पडला कीं त्याचा उपयोग संपला. म्हणून आमच्या घरीं दिवाणखान्यांत कूलर व वहिनींच्या खोलींत यंत्र अशी वांटणी आहे. यंत्र २६ अंशांवर ठेवून वर पंखा मंद फिरवावा. १ जानेवारी २०२० पासून नवीं यंत्रें सुरू होतांना आपोआप २४ अंशांवरच येतात. तेथून खालीं नेण्याची गरज क्वचितच पडते. जाळी दर पंधरा दिवसांनीं धुवावी; आमच्या येथें हें काम धाकट्या नातवाकडे आहे व तो तें प्रामाणिकपणें करतो.

आतां राहिलेली गोष्ट. गेल्या वर्षीं वैशाखांत एके दुपारीं सूनबाई पन्हें घेऊन वहिनींच्या खोलींत गेल्या, तों यंत्र बंद, खोलीची भट्टी झालेली, आणि वहिनी भिंतीला टेकून बसलेल्या. ओंठ कोरडे, बोलणें अडखळत. थोड्या वेळानें हुशारी आल्यावर आम्हीं विचारलें, "वहिनी, यंत्र बंद कां केलें?" त्या म्हणाल्या, "भाऊजी, बिलाचें बोलणें कानांवर पडलें होतें. एका म्हातारीसाठीं एवढा खर्च कशाला?" आम्ही निरुत्तर झालों. बिलाविषयीं ओसरीवर आवाज चढवून बोलणारे आम्हीच होतों.

दुसऱ्या दिवशीं सूनबाई वही घेऊन आमच्यापुढें बसल्या. म्हणाल्या, "मामंजी, या वेळीं मी पट्टी वाचतें, तुम्ही गणित करा." वर दिलेलें सारें विवेचन त्या दोन दुपारचें फळ आहे. दीड टनाचें, वेग बदलणारें, चक्र उलटें फिरविणारें, मध्यम ताऱ्यांचें यंत्र आलें. जुनें मोडींत गेलें व तारा नव्या झाल्या. या पौषांत वहिनींची खोली उबदार राहिली आणि बिलाचा आंकडा गेल्या हिंवाळ्याच्या निम्म्याहूनहि खालीं आला. सूनबाईंनीं तें बिल मुद्दाम वहिनींच्या हातीं नेऊन दिलें. चष्मा लावून त्यांनीं तें दोनदां वाचलें आणि रिमोट उशाखालून काढून टेबलावर ठेवला.

वाचकहो, 'स्वस्त' या शब्दाचा अर्थ आम्हांला या वयांत असा उमगला: जें चालू करतांना घरांतील सर्वांत संकोची माणसाला अपराधी वाटत नाहीं, तें यंत्र स्वस्त. दुकानांत पाऊल टाकण्यापूर्वीं त्या माणसाशीं दोन शब्द बोलावे, आणि बिलाची चर्चा हळू आवाजांत करावी.