‘आय-सेव्हन’ म्हटलं की झालं?

इंजिनिअरिंगची अॅडमिशन पक्की झाली, की गडहिंग्लजच्या दुकानात पालकांचं पहिलं वाक्य ठरलेलं : ‘आय-सेव्हन दाखवा.’ मुलगी कोणत्या शाखेला जाणार, हे कुणी विचारलं तर नंतर. याच हट्टापायी दहा-बारा वर्षांपूर्वीचा वापरलेला लॅपटॉप निव्वळ स्टिकर बघून घेतला जातो आणि शेजारचा नवा आय-थ्री ‘हलका’ म्हणून बाजूला पडतो. कष्टाचे पैसे असे वाया जाताना बघवत नाही.

गैरसमज : आय-थ्री कमी, आय-सेव्हन भारी.

वस्तुस्थिती : ३, ५, ७ हे एकाच पिढीतले दर्जे आहेत. पिढी कळते ती पुढच्या आकड्यावरून. ‘आय७-४६००यू’मधला ४ म्हणजे चौथी पिढी, २०१३ची. ‘आय३-१२१५यू’मधले १२ म्हणजे बारावी पिढी, २०२२ची. पहिल्यात कोअर २, कमाल वेग ३.३ गिगाहर्ट्‌झ, दुसऱ्यात कोअर ६, कमाल वेग ४.४ गिगाहर्ट्‌झ. इथे थ्रीच सेव्हनला मागे टाकतो. शेवटचं अक्षरही वाचा : यू म्हणजे कमी वीज खाणारा, एच म्हणजे जड कामाचा.

पटत नसेल तर मायक्रोसॉफ्टची विंडोज ११साठीची प्रोसेसरची यादी उघडा. एखाददुसरा अपवाद सोडला तर इंटेलचे प्रोसेसर त्यात आठव्या पिढीपासून पुढचेच आहेत. विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. मग चौथ्या पिढीच्या त्या ‘सेव्हन’वर मुलीनं चार वर्षं काढायची कशी?

म्हणून आधी काम सांगा, मग मशीन.

मिरचीची आडत, किराणा, दूध संस्था : टॅली, बिलं, जीएसटी. नवा आय-थ्री, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी पुरे. वाचलेल्या पैशात यूपीएस घ्या. बिल करताना वीज गेली तर तोच कामाला येतो.

कॉम्प्युटर शाखा : आय-फाइव्ह, १६ जीबी, ५१२ जीबी एसएसडी. वेगळं ग्राफिक्स कार्ड सहसा लागत नाही.

सिव्हिल, मेकॅनिकल : ऑटोकॅडला किमान ८ जीबी रॅम लागते, १६ घ्या. थ्रीडी मॉडेलिंग करायचं असेल तर एच प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड.

लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे : दा विंची रिझॉल्व्हला १६ जीबी ही सुरुवात आहे. इथे मात्र आय-सेव्हनचे पैसे वसूल होतात, आणि तेवढ्याच पैशात डेस्कटॉप जास्त काम देतो.

आता बाकीचे गैरसमज.

‘१ टीबी हार्डडिस्क ५१२ एसएसडीपेक्षा बरी.’ जागा जास्त, वेग फार कमी. साधी साटा एसएसडीसुद्धा सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास वाचते, हार्डडिस्क शंभर-दीडशे.

‘रॅम वाढवली की वेग वाढतो.’ कमी पडत असेल तरच. टास्क मॅनेजरमध्ये ‘मेमरी’ बघा. काम करताना निम्मीच भरत असेल तर खर्च करू नका.

‘४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड २ जीबीच्या दुप्पट चालतं.’ तो मेमरीचा आकडा आहे. ताकद चिपवर ठरते.

‘असेंबल केलेला पीसी टिकत नाही.’ सुट्या भागांना त्या-त्या कंपनीची वॉरंटी असते. प्रत्येकाचं पक्कं बिल मागून घ्या.

दुकानात गेल्यावर प्रोसेसरचा पूर्ण मॉडेल नंबर कागदावर लिहून मागा. दुकानदार नुसतं ‘आय-सेव्हन आहे’ एवढंच सांगत राहिला, तर त्या दिवशी पैसे देऊ नका.