मानवी हक्क शिक्षण

मानवी हक्कांचे ज्ञान करून देणारे, त्या हक्कांशी सुसंगत अशा पद्धतीने दिले जाणारे आणि स्वतःचे व इतरांचे हक्क बजावण्याचे व जपण्याचे सामर्थ्य शिकणाऱ्याच्या अंगी आणणारे शिक्षण म्हणजे मानवी हक्क शिक्षण होय. शाळा-महाविद्यालयांतील अध्यापनाबरोबरच पोलीस, न्यायाधीश, सैनिक, तुरुंगाधिकारी, डॉक्टर, पत्रकार इत्यादींचे प्रशिक्षण, तसेच प्रौढांमधील लोकशिक्षण यांचाही त्यात समावेश होतो. नागरिकशास्त्राशी त्याचे नाते निकटचे असले, तरी दोन्ही एक नव्हेत. नागरिकशास्त्र प्रामुख्याने एका राष्ट्राच्या नागरिकाचे अधिकार व कर्तव्ये सांगते. मानवी हक्क शिक्षणाचा आधार नागरिकत्व हा नसून मनुष्यत्व हा आहे. त्यामुळे निर्वासित, परकीय व राज्यविहीन व्यक्तीही त्याच्या कक्षेत येतात.

या शिक्षणातील मूळ अडचण त्याच्या स्वरूपातच आहे. मानवी हक्क मुख्यतः राज्यसंस्थेविरुद्ध बजावावयाचे असतात. उलट अभ्यासक्रम, पाठ्यपुस्तके व शिक्षकांच्या नेमणुका बहुतेक देशांत राज्यसंस्थेच्याच हाती असतात. आपल्याविरुद्ध दाद कशी मागावी, हे शासनानेच शिकवावे, अशी ही अपेक्षा आहे. तिला शब्दांत मान्यता देणे राष्ट्रांना फारसे जड गेले नाही. आचरणात मात्र ती पदोपदी अडखळत आली.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १० डिसेंबर १९४८ रोजी मानवी हक्कांचा जागतिक जाहीरनामा संमत केला. हक्कांविषयीचा आदर अध्यापन व शिक्षण यांद्वारे वाढवावा, असे त्याच्या प्रास्ताविकातच म्हटले आहे. सव्विसाव्या अनुच्छेदात शिक्षणाचा हक्क सांगितला आहे. त्याच्या मूळ मसुद्यात शिक्षण सर्वांना मिळावे, एवढाच आशय होता. केवळ तांत्रिक चौकट देऊन भागत नाही, शिक्षणामागील वृत्ती कोणती हेही सांगितले पाहिजे, असा आक्षेप जागतिक ज्यू काँग्रेसच्या प्रतिनिधीने घेतला आणि जर्मनीचा दाखला दिला. ज्या देशाची शिक्षणव्यवस्था जगात नावाजलेली होती, त्याच देशात नाझी राजवट रुजली, हे त्या वेळी ताजे वास्तव होते. व्यक्तिमत्त्वाचा पूर्ण विकास व मानवी हक्कांविषयीच्या आदराचे दृढीकरण ही शिक्षणाची उद्दिष्टे या चर्चेतून अनुच्छेदात आली. जाहीरनामा विशेषतः शाळांमधून प्रसृत करावा, लावावा, वाचावा व समजावून सांगावा आणि असे करताना प्रदेशाच्या राजकीय दर्जाचा भेद करू नये, असे आवाहनही आमसभेने त्याच वेळी केले. वसाहतींच्या त्या काळात या अखेरच्या अटीला विशेष अर्थ होता. जाहीरनाम्याच्या बाजूने ४८ मते पडली, विरुद्ध एकही नव्हते. आठ राष्ट्रे तटस्थ राहिली. त्यांपैकी दक्षिण आफ्रिकेने पुढे १९५३ मध्ये बांटू शिक्षण अधिनियम करून कृष्णवर्णीयांसाठी हेतुतः कनिष्ठ प्रतीचे शिक्षण योजिले. शिक्षण हे हक्क नाकारण्याचेही साधन होऊ शकते, याचे याहून उघड उदाहरण विरळा.

त्याच १९५३ साली युनेस्कोने संलग्न शाळांची योजना सुरू केली. निरनिराळ्या देशांतील मोजक्या शाळांत मानवी हक्क, इतर देशांचे जीवन व संयुक्त राष्ट्रांचे कार्य यांविषयी प्रयोग करून पाहावेत, असा तिचा हेतू होता. पुढील करारांनी या विषयाला कायद्याचे बळ दिले. १९६५ च्या वंशभेदविरोधी कराराचा सातवा अनुच्छेद, १९६६ च्या आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांविषयीच्या कराराचा तेरावा अनुच्छेद आणि १९८९ च्या बालहक्क कराराचा एकोणतिसावा अनुच्छेद हे या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. १९८४ च्या छळविरोधी कराराने तर पोलीस, सैनिक, वैद्यकीय कर्मचारी इ. ज्यांचा कैद्यांशी संबंध येतो, त्यांच्या प्रशिक्षणात छळबंदीचे शिक्षण अंतर्भूत करणे सदस्य-राष्ट्रांवर बंधनकारक केले.

शिक्षणाविषयीचा पहिला व्यापक दस्तऐवज म्हणजे युनेस्कोची १९ नोव्हेंबर १९७४ ची शिफारस. तिच्या लांबलचक नावात आंतरराष्ट्रीय सामंजस्य, सहकार्य, शांतता आणि मानवी हक्क या सर्वांना स्थान मिळाले. शीतयुद्धाच्या काळात पाश्चात्त्य राष्ट्रांचा भर नागरी स्वातंत्र्यांवर, समाजवादी राष्ट्रांचा शांतता व सामाजिक हक्कांवर आणि नवस्वतंत्र राष्ट्रांचा वसाहतवाद व वंशभेद यांच्या विरोधावर होता. या सर्वांचा मेळ घालण्याची खटपट त्या नावातही दिसते. मानवी हक्कांच्या अध्यापनाविषयीची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद १९७८ मध्ये व्हिएन्ना येथे भरली; त्यानंतर माल्टा (१९८७) व माँट्रिऑल (१९९३) येथे परिषदा झाल्या. जाहीरनाम्याच्या शिल्पकारांपैकी एक असलेले फ्रेंच विधिज्ञ रने कासँ यांना १९६८ चे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. त्यांनी १९६९ मध्ये स्ट्रॅस्‌बर्ग येथे मानवी हक्कांच्या उच्च अध्ययनासाठी संस्था स्थापन केली.

शासकीय वर्तुळाबाहेरील प्रवाह याहून निराळा होता आणि विषयाचा खरा जोम त्यातून आला. ब्राझीलमध्ये १९६४ च्या लष्करी उठावानंतर हद्दपार झालेले शिक्षणतज्ज्ञ पाउलू फ्रेरी यांनी शोषितांच्या शिक्षणाविषयीचा आपला विख्यात ग्रंथ चिलीतील वास्तव्यात लिहिला. प्रौढाला अक्षरओळख करून देताना त्याच्या दैन्याची कारणे त्यालाच शोधावयास लावणारी ही पद्धत लॅटिन अमेरिकेतील मानवी हक्क कार्यकर्त्यांनी उचलली. कारण तेथील अनेक देशांत लष्करी राजवटी असताना हा विषय शाळेत शिकविणे अशक्य होते. फिलिपीन्समध्ये १९८६ साली मार्कोस यांची सत्ता कोसळल्यावर झालेल्या १९८७ च्या संविधानाने सर्व शिक्षणसंस्थांवर मानवी हक्कांविषयी आदर निर्माण करण्याची जबाबदारी टाकली. दक्षिण आफ्रिकेच्या १९९६ च्या संविधानानेही मानवी हक्क आयोगाला लोकशिक्षणाचा अधिकार दिला.

जून १९९३ मधील व्हिएन्ना जागतिक परिषदेने केलेल्या शिफारशीस अनुसरून संयुक्त राष्ट्रांनी १९९५–२००४ हे मानवी हक्क शिक्षणाचे दशक म्हणून जाहीर केले. प्रत्येक देशाने राष्ट्रीय आराखडा तयार करावा, असे अभिप्रेत होते. परंतु त्यास मिळालेला प्रतिसाद तोकडा होता. दशकाच्या जागी २००५ पासून जागतिक कार्यक्रम आला. त्याच्या पहिल्या टप्प्यात प्राथमिक व माध्यमिक शाळा, दुसऱ्यात (२०१०–१४) उच्च शिक्षण, शिक्षक, शासकीय सेवक व सुरक्षा दले, तर पुढील टप्प्यांत पत्रकार व युवक यांच्यावर लक्ष देण्यात आले. १९ डिसेंबर २०११ रोजी आमसभेने मानवी हक्क शिक्षण व प्रशिक्षण यांविषयीचा स्वतंत्र जाहीरनामा संमत केला. हक्कांविषयी, हक्कांद्वारे व हक्कांसाठी अशी शिक्षणाची तीन अंगे त्यात सांगितली आहेत. पहिल्या अंगासाठी एखादा धडा पुरतो. दुसऱ्यासाठी वर्गातील छडी, अपमान व पंक्तिभेद नाहीसे व्हावे लागतात. तिसऱ्यात विद्यार्थी शाळेबाहेर जाऊन प्रश्न विचारू लागतो. बहुतेक शासनांची प्रगती पहिल्या अंगापाशीच थबकलेली दिसते.

भारतात मानवी हक्क संरक्षण अधिनियम, १९९३ अन्वये राष्ट्रीय मानवी हक्क आयोग स्थापन झाला. समाजाच्या विविध थरांत मानवी हक्कांविषयीची साक्षरता वाढविणे हे त्याचे एक विहित कार्य असून, महाराष्ट्र राज्य मानवी हक्क आयोगासारख्या राज्य आयोगांकडेही ते सोपविलेले आहे. शालेय पातळीवरील उल्लेखनीय प्रयोग मात्र एका स्वयंसेवी संस्थेचा आहे. मदुराई येथील ‘पीपल्स वॉच’ या संस्थेने १९९७ पासून तमिळनाडूतील शाळांत पाठ्यपुस्तके व शिक्षक-प्रशिक्षण यांसह हा विषय सुरू केला आणि नंतर तो अन्य राज्यांतही नेला. जातिभेद, बालविवाह, बालमजुरी, शाळेतील मारहाण हे त्यातील अभ्यासविषय होत. मोनिषा बजाज यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, सुस्थितीतील व वंचित विद्यार्थी एकाच धड्यातून निरनिराळा बोध घेतात : पहिल्यांत सहानुभूती जागी होते, तर दुसऱ्यांना आपल्या गाऱ्हाण्यास नाव मिळते. घरातील वा गावातील अन्यायात हस्तक्षेप करणाऱ्या मुलांना काही वेळा वडीलधाऱ्यांचा रोषही पत्करावा लागला. मुलाला हक्क शिकविणाऱ्या शाळेने त्याच्या पाठीशी कुठवर उभे राहावे, हा प्रश्न आंतरराष्ट्रीय दस्तऐवजांत जवळजवळ अनुत्तरित आहे.

हे हक्क पाश्चात्त्य कल्पनांतून उगम पावले असून स्थानिक परंपरांशी विसंगत आहेत, असाही आक्षेप घेण्यात येतो. त्यात थोडे तथ्य असले, तरी तो पुष्कळदा सत्ताधाऱ्यांकडूनच येतो, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. परिणामांचे मापन हीदेखील अडचण आहे; अनुच्छेद पाठ आहेत की नाहीत हे परीक्षेत कळते, परंतु कोठडीतील आरोपीशी प्रशिक्षित पोलीस कसा वागतो, हे उत्तरपत्रिकेवरून कळत नाही.

युनेस्कोने १९७४ ची शिफारस नोव्हेंबर २०२३ मध्ये सुधारून घेतली व तीत पर्यावरण, अंकीय तंत्रज्ञान, द्वेषमूलक प्रचार इ. विषयांची भर घातली. जागतिक कार्यक्रमाचा पाचवा टप्पा २०२५–२९ या काळासाठी असून मुले व युवक यांवर त्याचा भर आहे. शिफारशीच्या अंमलबजावणीचे अहवाल सदस्य-राष्ट्रांची शासनेच सादर करतात. वर्गात प्रत्यक्ष काय शिकविले गेले, हे तपासणारी स्वतंत्र यंत्रणा तीत नाही.