दार लावून करायची प्रार्थना

आज मी माझ्याच एका चुकीविषयी बोलणार आहे. आमच्या मंडळीतल्या एका बाईंनी रविवारच्या उपासनेनंतर मला बाजूला घेऊन सांगितले, "दादा, मुलाची नोकरी गेली. प्रार्थनेत आठवण ठेवा." मी घरी आलो आणि मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मुलाच्या नावासकट विनंती लिहून मोकळा झालो. गटात दोनशेच्या वर माणसे. संध्याकाळपर्यंत बातमी त्याच्या होणाऱ्या सासुरवाडीला पोहोचली. लग्न मोडले नाही, पण त्या बाई कित्येक महिने उपासनेला आल्या नाहीत.

असेच एक प्रकरण स्वीडनमध्ये घडले होते. १९९८ साली तिथल्या एका चर्चमधल्या धर्मशिक्षिकेने, दृढीकरणाची तयारी करणाऱ्यांना माहिती मिळावी म्हणून घरच्या संगणकावरून इंटरनेटवर काही पाने टाकली. त्यांत अठरा सहकाऱ्यांविषयी हलक्याफुलक्या भाषेत लिहिलेले होते. त्यांचे काम, छंद, काहींचे फोन नंबरसुद्धा. एका सहकारी बाईंचा पाय दुखावला असून त्या अर्धवेळ काम करतात, हेही होते. विचारले कोणालाच नव्हते. लोकांना ते आवडले नाही असे कळताच तिने पाने काढून टाकली, तरी खालच्या कोर्टाने ४,००० क्रोनर दंड केला. प्रकरण युरोपीय न्यायालयात गेले. ६ नोव्हेंबर २००३ च्या निकालात न्यायालयाने सांगितले, की दुखावलेला पाय ही आरोग्याविषयीची माहिती आहे, आणि जे इंटरनेटवर कोणालाही वाचता येते त्याला घरगुती बाब म्हणता येत नाही. चर्चचे काम म्हणूनही सूट मिळाली नाही.

आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि संस्थांवरची मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतील, असे ठरले. २०१९ च्या विधेयकात माणसाची धर्मश्रद्धा 'संवेदनशील' माहितीत धरली होती. २०२३ च्या कायद्यात असा वेगळा वर्ग राहिला नाही. त्यामुळे ती जपण्याची आपली जबाबदारी वाढली, असे मला वाटते.

आता दुसरी बाजू पाहू. हिमाचल प्रदेशात २००६ च्या कायद्यानुसार धर्म बदलणाऱ्याने तीस दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना कळवणे सक्तीचे होते. ख्रिस्ती संघटनेने त्याविरुद्ध दाद मागितली. २०१२ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने हे कलम रद्द केले. माणसाची श्रद्धा ही त्याची खासगी गोष्ट आहे आणि ती उघड करण्याची सक्ती करता येत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. पुढे २०१९ च्या नव्या कायद्यात पूर्वसूचनेची अट पुन्हा आली.

तेव्हा मंडळी, प्रश्न असा आहे. सरकारने आमच्या अंतःकरणात डोकावू नये असे आपण म्हणतो, आणि ते योग्यच आहे. पण आपण स्वतः एकमेकांच्या घरात डोकावायचे थांबतो का? सभासदांची नावे, पत्ते, फोन यांची यादी निवडणुकीच्या दिवसांत कोणी मागितली, तर आपण ती सहज देऊन टाकतो का? शब्बाथ शाळेतल्या मुलांचे फोटो टाकण्याआधी आईवडिलांना विचारतो का? बाप्तिस्म्याची वही पूर्वी कपाटात कुलपाखाली असे. आज तिच्या पानांचे फोटो कोणाकोणाच्या मोबाईलमध्ये आहेत, हे सेक्रेटरींना तरी ठाऊक आहे का?

डोंगरावरील प्रवचनात प्रभूने प्रार्थना खोलीत जाऊन, दार लावून करायला शिकवले. आमच्या गटाने आता साधे नियम केले आहेत. ज्याच्यासाठी प्रार्थना करायची, त्याला आधी विचारायचे. तो नको म्हणाला, तर नाव लिहायचे नाही. "एका कुटुंबासाठी प्रार्थना करा" एवढे पुरते. कोणते कुटुंब, हे देवाला सांगावे लागत नाही.

मी त्या बाईंच्या घरी जाऊन क्षमा मागितली. त्यांनी चहा केला, आणि म्हणाल्या, "दादा, मी तुम्हाला सांगितलं होतं, गटाला नाही." एवढेच वाक्य मला अजून पुरते आहे.