डोंगरातल्या आलिशान तंबूत राहायला जाताय? आधी उंची विचारा, मग बेड

अहमदपूरच्या माझ्या मावसभावानं परवा व्हॉट्सअॅपवर लडाख ट्रिपचा प्लॅन पाठवला. मावशी-काकांच्या लग्नाला ४० वर्षं झाली, त्याची भेट. पीडीएफमध्ये पांढरेशुभ्र तंबू, आत डबल बेड, गालिचा, अटॅच्ड बाथरूम, मागे बर्फाचे डोंगर. पहिली रात्र मनाली, दुसरी रात्र ‘सरचू - लक्झरी टेंट’. खाली प्रश्न : ‘काही आक्षेप?’

आक्षेप एकच होता. तंबूवर नाही, सरचूवर.

मनाली समुद्रसपाटीपासून साधारण २,०५० मीटरवर आहे आणि सरचू सुमारे ४,२९० मीटरवर. आपल्या राज्यातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. म्हणजे एका दिवसात कळसूबाईच्या उंचीहून जास्त वर चढायचं आणि लगेच तिथंच झोपायचं.

उंचीवर नेमकं काय होतं?

हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण सगळीकडे २१ टक्केच असतं. उंचीवर घटतो तो हवेचा दाब. त्यामुळे समुद्रसपाटीच्या तुलनेत लेहला (सुमारे ३,५०० मीटर) प्रत्येक श्वासात साधारण दोन तृतीयांश ऑक्सिजन मिळतो, सरचूला जेमतेम ६० टक्के. शरीर याच्याशी जुळवून घेतं, पण त्याला दिवस लागतात.

साधारण २,५०० मीटरच्या वर त्रास सुरू होऊ शकतो : डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, झोप न लागणं. दुर्लक्ष केलं तर फुप्फुसात पाणी होतं किंवा मेंदूला सूज येते आणि ते जिवावर बेततं. रोज जिमला जाणाऱ्या पंचविशीतल्या पोरालाही हे होऊ शकतं. यावर पहिला उपाय म्हणजे खाली उतरणं. सरचूची गोची इथंच आहे. मनालीकडे परतायचं तर आधी ४,८०० मीटरहून उंच बारालाचा ला खिंड चढावी लागते. लेहच्या बाजूला तर त्याहून उंच खिंडी आहेत. रात्री दोन वाजता काकांना दम लागला, तर गाडी आधी वरच जाणार!

डायमॉक्स ही गोळी अनेकजण घेतात. मात्र ती डॉक्टरांना विचारूनच, विशेषतः सल्फाची अॅलर्जी असेल तर.

तंबूत गरम कसं राहतं?

खरं सांगायचं तर फारसं राहत नाही. कापड दुहेरी असलं तरी भिंतीसारखी ऊब धरत नाही. जाड रजई आणि गरम पाण्याची पिशवी यांवरच भिस्त. अनेक ठिकाणी वीज आणि गरम पाणी ठरावीक वेळेतच मिळतं. म्हणून बुकिंग करताना फोटोंपेक्षा हे विचारा : वीज किती वाजेपर्यंत, ऑक्सिजन सिलिंडर आहे का, जवळचं आरोग्य केंद्र किती अंतरावर आणि रात्री गाडी मिळेल का?

बंद तंबूत गॅस हीटर किंवा कोळशाची शेगडी लावून झोपायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दमण इथं हॉटेलच्या बंद खोलीत गॅस हीटर लावून झोपलेले केरळचे ८ पर्यटक गेले. त्यात ४ मुलं होती.

पैशांचं थोडक्यात : जीएसटी तंबूलाही लागतो. दिवसाला साडेसात हजारांपर्यंतच्या भाड्यावर ५ टक्के, त्यापुढे १८ टक्के. सांगितलेला दर करासकट आहे का, ते विचारून घ्या. आणि लडाखमध्ये आपलं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड लागतं. घरचे इकडे काळजीत आणि तुमचा फोन बंद, असं नको.

मग जायचं कसं?

नियम साधा आहे. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरहून जास्त वाढवू नये. दिवसा उंच खिंड ओलांडून रात्री खाली झोपलेलं त्यापेक्षा बरं. मनालीहूनच जायचं असेल तर सरचूच्या आधी सुमारे ३,२०० मीटरवरच्या जिस्पाला थांबता येतं. श्रीनगरमार्गे गेलात तर वाटेत २,६७६ मीटरवरचं कारगिल मुक्कामाला मिळतं. दिल्लीहून विमानानं दीड तासात थेट लेहला उतरलात, तर पहिले ४८ तास हॉटेलातच काढायचे. बाजारातही भटकायचं नाही. पैसे वाया जातात असं वाटेल, पण तेच दिवस पुढची ट्रिप वाचवतात.

भावाचा नवा प्लॅन आता असा : नांदेडहून सचखंड एक्सप्रेसनं दिल्ली, विमानानं लेह, तीन रात्री हॉटेलात आराम आणि त्यानंतर जवळच ठिकसेला तंबूत दोन रात्री. पँगाँग यंदा नाही. निघण्याआधी काकांची बीपी-शुगरची तपासणी.

मावशीला या कशाचंच काही वाटलं नाही. तिचा एकच प्रश्न : ‘तिथं चहा तर चांगला भेटंल ना?’

भेटेल. फक्त लेहला पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे पत्ती जरा जास्त वेळ उकळावी लागेल.