द रोड (कादंबरी)

'द रोड' ही अमेरिकन लेखक कॉर्मॅक मॅकार्थी (१९३३–२०२३) यांची २००६ साली प्रकाशित झालेली इंग्रजी कादंबरी आहे. महाविनाशानंतर राखेने झाकलेल्या जगातून दक्षिणेकडे पायी निघालेल्या एका पित्याची व त्याच्या लहान मुलाची ही कथा आहे. तिची गणना प्रलयोत्तर साहित्यात होत असली, तरी पितापुत्रांचे नाते आणि त्या नात्यातून तगून राहणारी आशा हाच तिचा गाभा आहे.

पार्श्वभूमी

२००३ च्या सुमारास मॅकार्थी आपल्या लहान मुलासह टेक्सासमधील एल पासो शहरातील एका हॉटेलात उतरले होते. रात्री मूल झोपलेले असताना, पन्नास-शंभर वर्षांनी हे शहर कसे दिसेल याची कल्पना करताना त्यांच्या डोळ्यांपुढे टेकडीवर पेटलेल्या आगी आल्या. पुढे आयर्लंडमध्ये असताना त्यातून ही कादंबरी आकारास आली. ती त्यांनी त्याच मुलाला अर्पण केली आहे.

कथानक

विनाशाचे कारण कादंबरीत सांगितलेले नाही. घड्याळे १ वाजून १७ मिनिटांनी थांबली, एवढेच कळते. मुलाचा जन्म त्यानंतरचा असल्याने जुने जग त्याने पाहिलेलेच नाही. आईने निराशेपोटी जीवन संपवलेले आहे. दुकानात वापरतात तशी एक ढकलगाडी, थोडे सामान आणि एक पिस्तूल घेऊन पितापुत्र समुद्राच्या दिशेने निघतात. वाटेत भूक, थंडी आणि नरभक्षक टोळ्या यांच्याशी त्यांची गाठ पडते. समुद्र गाठल्यानंतर आजारी पित्याचा मृत्यू होतो. तीन दिवस त्याच्या जवळ राहिलेल्या मुलाला एक अनोळखी कुटुंब आपल्यात सामावून घेते.

पितापुत्र संबंध

दोन्ही प्रमुख पात्रांना नावे दिलेली नाहीत. पित्याच्या लेखी मुलाचे रक्षण हेच जगण्याचे एकमेव प्रयोजन आहे. म्हणून तो प्रत्येक परक्या माणसाकडे संशयाने पाहतो. मुलगा मात्र वाटेत भेटलेल्या वृद्धाला अन्न द्यायला लावतो. समुद्रकिनारी त्यांची गाडी पळवणाऱ्या चोराला पिता विवस्त्र करून सोडतो, तेव्हा मुलगा रडून त्याची बाजू घेतो आणि अखेर पित्याला ते कपडे परत नेऊन ठेवावे लागतात. आपण 'चांगली माणसे' आहोत, असे पित्यानेच मुलाला शिकवलेले असते. त्या शब्दाची कसोटी पुढे मुलगाच पित्याला लावतो. प्रेम केवळ आपल्या माणसापुरते राहिले, तर ते पुरेसे आहे काय, हा कादंबरीतील नैतिक पेच आहे.

पिस्तुलातही हाच ताण आहे. टोळीच्या हाती सापडण्यापेक्षा मुलाला मरण बरे, असे पित्याने ठरवलेले असते. परंतु स्वतः मरणासन्न असताना त्याला ते करवत नाही. मुलाला तो जगाच्या स्वाधीन करतो. ज्या जगावर त्याने कधी विश्वास ठेवला नाही, त्याच्यावर शेवटी टाकलेला हा विश्वास म्हणजे त्याच्या आशेचे सर्वांत कठीण रूप होय.

अग्नीचे प्रतीक

आपण अग्नी वाहून नेत आहोत, असे पितापुत्र एकमेकांना सांगत असतात. हा अग्नी म्हणजे माणुसकी, असा अर्थ सामान्यतः लावला जातो. चुलीतील निखारा राखेखाली जपून ठेवण्याची आपल्याकडील रीत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे प्रतीक सहज उमगेल. पित्यानंतर भेटलेल्या अनोळखी माणसालाही मुलगा अग्नीविषयीच विचारतो. नव्या कुटुंबातील स्त्री त्याच्याशी देवाविषयी बोलते, पण त्याला आपल्या पित्याशी मनोमन बोलणेच अधिक सोपे वाटते. तथापि हा शेवट निखळ सुखाचा नाही. नष्ट झालेल्या निसर्गाच्या स्मरणाने कादंबरी संपते आणि जग पुन्हा पूर्ववत होईल, असे आश्वासन ती देत नाही.

शैली

वाक्ये तुटक असून संवादांना अवतरणचिन्हे नाहीत. प्रकरणांऐवजी लहान परिच्छेदखंड आहेत. पितापुत्रांचे बोलणे थोडक्यात असते. होकाराचा एखादा शब्दच अनेकदा भीती, समजूत आणि माया व्यक्त करतो.

सन्मान व रूपांतर

या कादंबरीस २००७ चा पुलित्झर पुरस्कार मिळाला. २००९ साली जॉन हिलकोट यांनी तिच्यावर चित्रपट दिग्दर्शित केला. त्यात व्हिगो मॉर्टेन्सन यांनी पित्याची, तर कोडी स्मिट-मॅकफी यांनी मुलाची भूमिका केली.